कावीळ झालीच नाही, मग लिव्हरला सूज कशी?

प्रश्न: माझ्या नवऱ्याने रक्तदान केलं आणि नंतर ब्लड बँकेतून फोन आला की हिपॅटायटिस बी (लिव्हरला सूज आणणारा व्हायरस) पॉझिटिव्ह आहे. त्याला कधी कावीळ झाली नाही, दारूला तो शिवत नाही, एसजीपीटी (लिव्हरची रक्ततपासणी) पण नॉर्मल. सासूबाईंनी त्याचं ताट-वाटी वेगळं काढलंय. हे खराब पाण्यातून झालं का?

उत्तर: आधी ते ताट परत जागेवर ठेवा, एकत्र जेवल्याने हिपॅटायटिस बी पसरत नाही. पाण्यातून येतात ते ए आणि ई, ते डोळे पिवळे करून गाजावाजा करत येतात आणि बहुतेकांमधून निघूनही जातात. मुक्काम ठोकतात ते बी आणि सी, आणि बीच्या आधाराने जगणारा डी. बी रक्तातून, शरीरसंबंधातून, आणि आईकडून बाळाला जातो. तान्हेपणी लागण झाली तर 10 पैकी 9 जणांत तो कायमचा राहतो, मोठेपणी झाली तर 100 पैकी 5 जणांतही नाही. म्हणजे नवऱ्याला तो लहानपणीच, कदाचित आईकडूनच आलेला असू शकतो, त्यामुळे त्याच्याकडे संशयाने बघू नका, आणि सासूबाईंचीही एचबीएसएजी, म्हणजे बीची रक्ततपासणी, करून घ्या (हे जरा गोडीत सांगा).

सूज कशी येते म्हणाल तर हा व्हायरस पेशी स्वतः फारशा मारत नाही, आपलीच इम्युनिटी लागण झालेल्या पेशींवर तुटून पडते, ते वर्षानुवर्षं चालतं, व्रण साठत जातात आणि लिव्हर दुखत नाही म्हणून सिरोसिस (व्रणांनी लिव्हर कडक होणं) होईपर्यंत पत्ता लागत नाही. एसजीपीटी एकदा नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका.

आता एचबीव्ही डीएनए (रक्तात व्हायरस किती ते कळतं), सोनोग्राफी आणि फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते कळतं) करा, 6 महिन्यांनी एचबीएसएजी पुन्हा करा, तेव्हाही पॉझिटिव्ह असेल तरच क्रॉनिक, म्हणजे मुक्कामी आजार, म्हणायचं. गोळी सगळ्यांना लागत नाही. लागली तर टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर रोज घ्यायची आणि बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करायची नाही, आजार एकदम उसळतो. सीचं तसं नाही, तो 8 ते 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी 95 टक्क्यांहून जास्त लोकांत पूर्ण जातो, फक्त त्याला लस नाही. बीला आहे, म्हणून तुमची आणि मुलं असतील तर त्यांची टेस्ट करा, निगेटिव्ह आली आणि लस झालेली नसेल तर 0, 1 आणि 6 महिन्यांनी असे तीन डोस घ्या, तोवर कंडोम वापरा. वेगळं काही ठेवायचंच असेल तर त्याचं रेझर, नेलकटर आणि टूथब्रश ठेवा.