जुना लाउडस्पीकर निवडताना आणि उघडताना

संग्रहाची सुरुवात १९२० च्या दशकातील कर्ण्याच्या स्पीकरपासून करावी, असे मी सुचवेन. त्याची रचना साधी असते आणि दोष लवकर सापडतो. विकत घेण्यापूर्वी मल्टिमीटरने कॉइल तपासाच. तिचा रोध साधारणतः हजार-दोन हजार ओहम भरतो. मीटरने काहीच दाखवले नाही, तर आतली केसासारखी बारीक तार बहुधा गंजून तुटलेली असते आणि ती नव्याने गुंडाळणे हे नवशिक्याचे काम नव्हे. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भागही निरखून पाहावेत. वरचा रंग शाबूत असला, तरी त्याखाली बारीक भेगांचे जाळे दिसत असेल आणि भाग फुगून वाकला असेल, तर तो धातू आतूनच खचत चालला आहे असे समजावे. असा नग मी सुट्या भागांपुरताच घेतो.

दुरुस्तीत सर्वांत जपावे ते चुंबकाला. नालाकृती चुंबक सोडवण्याआधी त्याच्या दोन्ही टोकांना जोडणारी मऊ लोखंडाची पट्टी लावा, अन्यथा त्याची शक्ती घटते. रेडिओ सेटला जोडतानाही तारांवरची धन-ऋण खूण पाळा, कारण पुष्कळ सेटमध्ये व्हॉल्व्हचा, म्हणजे रेडिओतील काचेच्या नळीचा, ॲनोड प्रवाह थेट याच कॉइलमधून वाहतो आणि उलट जोडणीने चुंबक दुबळा होत जातो.

पुढच्या काळातील फील्ड कॉइलचे, म्हणजे कायम चुंबकाऐवजी विजेवर चालणाऱ्या चुंबकाचे, स्पीकर हाताळताना अधिक सावध राहावे. ती कॉइल अनेकदा वीजपुरवठ्यातील चोकचेही, म्हणजे प्रवाहातील चढउतार कमी करणाऱ्या कॉइलचेही, काम करते. त्यामुळे तिच्या जागी नुसता कायम चुंबकाचा स्पीकर बसवून भागत नाही. फाटलेल्या कागदी कोनला (आवाज उमटवणाऱ्या शंकूला) मात्र पातळ टिश्यू कागद आणि पाण्यात सैल केलेला पांढरा गोंद पुरतो.