निकाल लागला, मग मोर्चा कशाला?

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो गे आहे हे त्यानं आम्हाला सांगितलं तेव्हा फार जड गेलं, पण आम्ही दोघांनी त्याला अंतर दिलं नाही. गेल्या महिन्यात समलिंगी लोकांच्या हक्कांसाठी निघणाऱ्या प्राइड मार्चमधला, हातात फलक घेतलेला त्याचा फोटो नणंदेनं घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'हेच बघायचं राहिलं होतं.' आमचे आजेसासरे 1942 साली इंग्रजांविरुद्ध वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चात होते, मानाचं घर आहे. समलिंगी संबंध गुन्हा नाही, असा कोर्टानं 2018 मध्ये निकाल दिला ना? मग आता रस्त्यावर यायची काय गरज?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, तुम्ही मुलाला अंतर दिलं नाहीत, त्याबद्दल आधी तुमचे आभार मानते. सांगलीत माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत असं फार कमी वाचायला मिळतं.

निकालाचं म्हणाल, तर तो आपसूक लागलेला नाही. 1992 साली दिल्लीत पोलिसांनी कॅनॉट प्लेसच्या सेंट्रल पार्कमधून काही पुरुषांना ते समलिंगी असल्याच्या निव्वळ संशयावरून उचललं. 11 ऑगस्टला 'एड्स भेदभाव विरोधी आंदोलन' या संघटनेचे मूठभर कार्यकर्ते थेट पोलीस मुख्यालयासमोर जाऊन उभे राहिले. आपल्या देशातलं या हक्कांसाठीचं हे पहिलं ज्ञात निदर्शन. दोन वर्षांनी याच लोकांनी कलम 377 विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं हे कलम इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत घातलेलं, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. म्हणजे आधी रस्ता, मग कोर्ट.

कोलकात्याची गोष्ट मला फार जवळची वाटते. 2 जुलै 1999 रोजी तिथं फक्त पंधरा जण पिवळे टी-शर्ट घालून चालले. नाव दिलं होतं 'फ्रेंडशिप वॉक'. एवढ्या मोठ्या शहरात पंधरा माणसं! तो भारतातला पहिला प्राइड मार्च. बरोबर दहा वर्षांनी, 2 जुलै 2009 लाच, दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की सज्ञान माणसांमधला संमतीचा खासगी संबंध गुन्हा नाही. तारीख जुळली हा योगायोग, पण मला तो विसरता येत नाही.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र पुढे आहे. 11 डिसेंबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि ही सगळी मुलं एका दिवसात पुन्हा कायद्यानं गुन्हेगार ठरली. तेव्हा लोक घरी बसले असते, तर 6 सप्टेंबर 2018 उजाडला असता का? आणि अजूनही सगळं मिळालेलं नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये न्यायालयानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. तुमचा मुलगा जोडीदाराशी कायद्यानं लग्न करू शकत नाही, दोघांना मिळून मूल दत्तक घेता येत नाही.

पुण्याचा मार्च मी जंगली महाराज रस्त्यावर पाहिला आहे. एका मुलानं डोळ्यांवर गॉगल चढवून तोंडाला घट्ट स्कार्फ गुंडाळला होता. बोलल्यावर कळलं, आपल्या विट्याचा. घरी कळलं तर शिक्षण बंद होईल, म्हणाला. तरी आला होता, घोषणा देऊन देऊन घसा बसला होता. तुमचा मुलगा उघड्या तोंडानं चालला, कारण तुम्ही त्याच्या पाठीशी आहात. त्या फोटोत मला तरी तुमच्या घराचा मानच दिसतो. आजेसासरे कचेरीवर चालून गेले तेव्हाही घराची काळजी करणारं कुणीतरी असेलच.

आता नणंदेचं. तो फोटो ग्रुपवर टाकताना मुलाला विचारलं होतं का? नसेल, तर ते चुकलं, आणि हे त्यांना तुम्ही सांगायला हवं, मुलानं नव्हे. ग्रुपवर वाद नको, फोन करा. त्याआधी मुलाशी बोला, फोटो तिथं राहू द्यायचा की काढायला लावायचा ते तोच ठरवेल. आणि फलकावर काय लिहिलं होतं तेही विचारा. तुमच्या पत्रात ते कुठंच नाही.