‘सुरक्षितीकरण’ की ‘रोखेकरण’?

प्रश्न असा आहे: ‘बँकांनी कर्जांचे सुरक्षितीकरण केल्याने परदेशी गुंतवणूक वाढते’ या वाक्यात सिक्युरिटायझेशनसाठी योजलेला शब्द योग्य आहे का?

नाही. इथे ‘सिक्युरिटी’ म्हणजे सुरक्षा नव्हे, रोखा, म्हणजे पैसे मिळण्याचा हक्क देणारा, बाजारात विकता येणारा दस्तऐवज. बँक हजारो गृहकर्जांची मोट बांधून ती एका स्वतंत्र संस्थेला विकते आणि ती संस्था येणाऱ्या हप्त्यांच्या आधारावर रोखे काढते. याला ‘सुरक्षितीकरण’ म्हटले की कर्ज बुडण्याची भीतीच गेली असे वाटते. प्रत्यक्षात ती दुसऱ्याच्या गळ्यात पडते. ९ ऑगस्ट २००७ रोजी बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेने आपल्या तीन फंडांतून पैसे काढणे थांबवले, कारण त्यांतल्या अमेरिकी गृहकर्जांवरच्या रोख्यांची किंमतच ठरवता येईना. हे कसले सुरक्षित!

सरकारी वळणाचा शब्द ‘प्रतिभूतीकरण’. चुकीचा नाही, पण ‘प्रतिभू’ म्हणजे जामीन राहणारा हे आज किती जणांना आठवते? मी ‘रोखेकरण’ लिहितो. मात्र ‘रोखीकरण’ लिहू नका. तिथे रोख रकमेचा वास येतो. ‘ट्रँच’ या इंग्रजी शब्दाचीही अशीच गंमत आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाच्या बातमीत त्याचा अर्थ हप्ता, तर रोखेकरणात तोटा आधी कोणी सोसायचा त्यानुसार पाडलेला थर.

आता परदेशी पैशाकडे वळू. दूरदेशीचा गुंतवणूकदार अनोळखी माणसाला घरासाठी कर्ज देणार नाही, पण मानांकन मिळालेला रोखा घेईल. मग देशाच्या व्यवहारतोलात, म्हणजे परदेशांशी झालेल्या देवघेवीच्या हिशेबात, खातेही बदलते: परदेशी बँकेने दिलेले कर्ज ‘इतर गुंतवणूक’ या सदरात मोडते, परदेशात विकलेला कर्जरोखा ‘पोर्टफोलिओ गुंतवणूक’ या सदरात. म्हणजे ‘रोखा’ हा अर्थ अनुवादात हरवला, तर सदर का बदलले हेच कळत नाही.

तुमचे वाक्य मी असे लिहीन: ‘बँकांनी कर्जांचे रोखेकरण केल्यावर परदेशी गुंतवणूकदारांनाही त्यांत पैसे घालता येतात.’ ‘वाढते’ मुद्दाम गाळले. २००८ च्या संकटाआधी युरोपातल्या बँका अमेरिकेतच डॉलर उसने घेत आणि त्यातून तिथलेच गृहकर्जांचे रोखे विकत घेत. एकूण उलाढाल प्रचंड, पण अशा व्यवहारात पैसा जिथून निघाला तिथेच परत आला, निव्वळ आवक जवळजवळ काहीच नाही.