‘मुलीसमोर आम्ही कधीच भांडत नाही’

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझी लांबलचक मेल दोनदा वाचली. शेवटच्या बाकावरून शंका काढणारा तू आता पाच वर्षांच्या लेकीचा बाप! एका वाक्याशी मात्र मी अडखळले. ‘बाई, आमचं पटत नाही हे खरं, पण मुलीसमोर आम्ही एकदाही भांडलेलो नाही. फार तर चार दिवस बोलत नाही.’ हे तू जरा अभिमानानंच लिहिलंयस. आणि खाली सहज जाता जाता: ‘तेव्हा निरोप तीच पोचवते. बाबांना सांग, पान वाढलंय.’

अरे, म्हणजे तुमच्या भांडणाचं टपाल ती वाटतेय आणि तू म्हणतोस तिला काही कळत नाही.

अबोला आपल्याकडे सभ्य समजला जातो. आवाज चढला नाही, शेजारी कळलं नाही, की अब्रू राहिली. पण अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मार्क कमिंग्ज यांनी १९८०च्या दशकापासून नेमकं हेच तपासलं. मोठ्या माणसांचा राग त्यांनी मुलांना वेगवेगळ्या रूपांत दाखवला: कुठे आरडाओरडा, कुठे नुसती धुसफूस आणि तोंड फिरवणं. तुझ्या लेकीएवढ्या मुलांनाही न बोललेला राग बरोबर ओळखता आला, आणि तो त्यांना त्रासदायकही वाटला. पुढे पॅट्रिक डेव्हिस यांच्यासोबत १९९४ साली त्यांनी जी मांडणी केली, तिचा गाभा असा, की कोणाचं बरोबर याच्याशी मुलाला फारसं देणंघेणं नसतं. आपलं घर टिकेल ना, एवढंच ते चाचपत असतं.

याचा पुरावा माझ्या घरातही होता. मुलगा सहा वर्षांचा असताना आमचा आठवडाभर अबोला चालला. कारण आता आठवत नाही म्हणणार होते, पण खोटं कशाला, गॅसचा नंबर लावायचा राहिला होता. तेवढे दिवस मुलगा शाळेतून आला की आधी दारातल्या चपला बघायचा, दोघांच्याही आहेत का. मी तेव्हा कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होते!

कमिंग्ज यांच्या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग मिटवण्याबद्दलचा आहे. भांडण नीट मिटलेलं पाहिलं, की मुलांची अस्वस्थता खूपच कमी व्हायची. अर्धवट मिटलं तर थोडी. समेट डोळ्यांदेखत झाला नाही, पण ‘आमचं मिटलं’ असं नंतर सांगितलं, तरी फरक पडायचा. आपण उलटं करतो. भांडतो दिवाणखान्यात आणि मिटवतो मुलं झोपल्यावर. त्यांना सिनेमा मध्यंतरापर्यंतच दिसतो. तेव्हा भांडण लपवण्यात शक्ती घालवू नकोस, मिटवणं लपवू नकोस. आणि ते नाटकी नको. मुलांना खोटं हसू लगेच कळतं.

जोडप्यांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांचं नाव तुला वर्गातून आठवत असेल. सिएटलच्या प्रयोगशाळेत त्यांनी नवविवाहितांच्या बारीकसारीक हाकांची नोंद ठेवली. ‘हे बघ, काय पाऊस पडतोय’ इतकी साधी हाक. सहा वर्षांनी एकत्र असलेल्यांनी अशा हाकांना १०० पैकी ८६ वेळा प्रतिसाद दिला होता, घटस्फोट झालेल्यांनी ३३ वेळा. कोणाचा घटस्फोट होईल याची भाकितंही ते करत, पण त्यांवर इतर संशोधकांनी रास्त आक्षेप घेतलेत: निकाल माहीत असताना बसवलेलं सूत्र नव्या जोडप्यांवर तेवढं चालेलच असं नाही. म्हणून मोबाइलवर त्यांच्या नावानं येणाऱ्या, लग्न मोडण्याच्या ‘चार लक्षणां’च्या यादीत स्वतःचं लग्न तपासत बसू नकोस.

तुमचं भांडण कशावरून, ते तू मोघम ठेवलंस. मी अंदाज करते: कामावरून. अमेरिकेतल्या बर्कलीच्या फिलिप आणि कॅरोलिन कोवान या संशोधक जोडप्यानं नवे आईबाप वर्षानुवर्षं अभ्यासले, तिथेही वादाचा पहिला विषय ‘कोण काय करणार’ हाच निघाला. आपल्याकडे २०१९च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत स्वतःच्या घरातलं काम करणाऱ्यांपैकी बायकांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ त्यात गेला, पुरुषांचा ९७. आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष होते २६ टक्के. ‘मी मदत करतो की’ असं तू लिहिलंस. मदत पाहुणा करतो, बाळा.

एक सोपी गोष्ट करून बघ. मानसशास्त्रज्ञ एली फिंकेल यांनी शिकागो भागातल्या १२० जोडप्यांवर केलेला, २०१३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आहे. दोघांचंही भलं चिंतणाऱ्या तिऱ्हाइताला आपलं भांडण कसं दिसेल, ते सात मिनिटं लिहायचं. वर्षातून तीनदा, बस्स. न लिहिणाऱ्यांचं समाधान घसरत गेलं, लिहिणाऱ्यांचं घसरणं थांबलं. भांडणं कमी झाली नव्हती. त्यांचा मनस्ताप कमी झाला होता.

हे सगळं कुठे लागू नाही, तेही सांगते. जिथे मारहाण आहे, धाक आहे, तिथे वही-पेन काढायचं नसतं, आधी सुरक्षित जागा गाठायची असते. तुमच्याकडे तसं नाही, हे तुझ्या बायकोशीही फोनवर बोलून खात्री करून मगच लिहायला बसले.

रविवारी चारनंतर मी घरी असते, दोघंही या. आणि आज पान वाढलं की लेकीच्या तोंडी निरोप येण्याआधी तूच स्वयंपाकघरात जा. आमटी कशी झालीय ते बायकोला विचार, मुलगी ऐकेल एवढ्या आवाजात.

तुझी,
बाई