वाचकांचे प्रश्न : रँडॉल्फ स्टो लिहायचे का थांबले?

प्रश्न : ऑस्ट्रेलियन साहित्याविषयी वाचताना रँडॉल्फ स्टो यांचा उल्लेख आढळला. ऐन तारुण्यात मोठा पुरस्कार मिळवणाऱ्या या कवी-कादंबरीकाराची शेवटची कादंबरी १९८४ साली आली, आणि त्यांचे निधन मात्र २०१० साली झाले. मधल्या काळात त्यांची प्रतिभा आटली, असे समजायचे का?

उत्तर : तसे समजू नये, असे आमचे मत आहे. स्टो यांचा जन्म २८ नोव्हेंबर १९३५ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियातील जेराल्डटन या बंदराच्या गावी झाला. पर्थच्या विद्यापीठात कायद्याचा अभ्यास सोडून ते साहित्याकडे वळले. त्यांची पहिली कादंबरी १९५६ साली, दुसरी कादंबरी व पहिला कवितासंग्रह १९५७ साली प्रसिद्ध झाला, आणि ‘टू द आयलंड्स’ या १९५८च्या तिसऱ्या कादंबरीला माइल्स फ्रँकलिन पुरस्कार लाभला, तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. एवढ्या लवकर एवढे नाव झालेल्या लेखकाने पुढे दरवर्षी एक पुस्तक द्यावे, ही अपेक्षा वाचकांची आणि प्रकाशकांची. स्टो यांनी ती कधी मनावर घेतली असे दिसत नाही.

त्यांच्या लेखनामागे बहुतेक वेळा प्रत्यक्ष वास्तव्य असे, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. ‘टू द आयलंड्स’ लिहिण्यापूर्वी ते किंबर्ली प्रदेशातील फॉरेस्ट रिव्हर येथील अँग्लिकन पंथाच्या ख्रिस्ती मिशनमध्ये काम करत होते. आपल्या हातून एका आदिवासी तरुणाचा जीव गेला अशा समजुतीने रानात निघून जाणारा वृद्ध मिशनरी हेरिअट हा या कादंबरीचा नायक. पण त्याच्यासोबत चालणारा जस्टिन हा आदिवासी जेव्हा १९२६ साली त्या परिसरात झालेल्या आदिवासींच्या हत्याकांडाची हकिकत सांगतो, तेव्हा कादंबरीचा खरा भार कुठे आहे ते कळते. विशेष म्हणजे १९८२च्या आवृत्तीसाठी त्यांनी हे पुस्तक पुन्हा हाती घेतले आणि मिशनच्या कार्याची भलामण करणारा मजकूर स्वतःच कापून टाकला. पुरस्कारप्राप्त पुस्तकावर अशी कात्री चालवणारे लेखक फार नसतात.

१९५९ साली ते पापुआ न्यू गिनीच्या प्रशासनात रुजू झाले. ट्रोब्रिआंड बेटांवर असताना त्यांनी तिथली भाषा आत्मसात केली. मात्र मलेरिया आणि मानसिक खचलेपण यांमुळे त्यांना ते काम सोडावे लागले. या अनुभवातून उभी राहिलेली ‘व्हिझिटंट्स’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली १९७९ साली, म्हणजे तब्बल वीस वर्षांनी. एका गोऱ्या गस्ती अधिकाऱ्याच्या मृत्यूची चौकशी आणि तिच्यात एकामागून एक येणाऱ्या गोऱ्यांच्या व बेटवासीयांच्या जबान्या, अशी तिची रचना आहे. ‘द गर्ल ग्रीन अ‍ॅज एल्डरफ्लॉवर’ ही १९८०ची कादंबरीही उष्ण कटिबंधातून आजारी होऊन सफोकला परतलेल्या तरुणाची आहे. जो लेखक एका अनुभवाला वीस वर्षे मुरू देतो, त्याच्या दोन पुस्तकांमधल्या रिकाम्या वर्षांना आटणे म्हणणे घाईचे ठरेल. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते इंग्लंडमध्ये स्थायिक झाले, १९८१पासून एसेक्समधील हारिच या बंदरात राहिले, आणि साहित्यिक वर्तुळांपासून लांबच राहिले. हा स्वभावाचा भाग होता. त्याला शोकांतिकेचा रंग देण्याचे कारण नाही.

प्रश्न : त्यांना आधी कवी म्हणावे की कादंबरीकार?

उत्तर : आमचा कौल कवीकडे आहे. १९६९च्या त्यांच्या निवडक कवितांचे नावच ‘अ काउंटरफीट सायलेन्स’, म्हणजे बनावट मौन, असे आहे. दुष्काळाने होरपळलेल्या खाणगावात पाणाड्या येतो आणि गावाची आशा त्याच्याभोवती गोळा होते, हे ‘टूर्मलीन’ या १९६३च्या कादंबरीचे कथानक. आणि त्याच टूर्मलीनच्या नावाने त्यांनी प्राचीन चिनी ताओ विचारावर आधारलेली कवितामालिकाही लिहिली. संगीतकार पीटर मॅक्सवेल डेव्हिस यांच्यासाठी त्यांनी लिहिलेल्या ‘एट साँग्ज फॉर अ मॅड किंग’ या १९६९च्या रचनेत वेडसर झालेला राजा तिसरा जॉर्ज आपल्या पिंजऱ्यातील पक्ष्यांना गाणे शिकवू पाहतो. ही संहिता ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना स्टो यांचे नावही ठाऊक नसते.

प्रश्न : वाचनाची सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी?

उत्तर : १९६५ सालच्या ‘द मेरी-गो-राउंड इन द सी’पासून. जेराल्डटनला राहणारा सहा वर्षांचा रॉब समुद्रात बुडालेल्या जहाजाचा वर आलेला सांगाडा पाहतो आणि तो फिरता पाळणाच आहे अशी त्याची खात्री पटते. त्याचा लाडका, नात्यातला मोठा भाऊ रिक दुसऱ्या महायुद्धात जपान्यांचा कैदी होतो, परत येतो, पण गावात, नात्यांत आणि देशातही त्याचा जीव रमत नाही. मुलाच्या नजरेतून सांगितलेल्या या कथेत वारा, ऊन, मेंढ्यांची कुरणे आणि घरातल्या मावशा-काकूंची बोलणी इतकी स्पष्ट आहेत की ऑस्ट्रेलिया न पाहिलेल्या वाचकालाही अडखळायला होत नाही. त्यानंतर ‘टू द आयलंड्स’ घ्यावी, आणि शक्य असल्यास १९८२ची सुधारित आवृत्तीच मिळवावी. ‘व्हिझिटंट्स’ मात्र सवड काढून वाचावी. जबानी कोणाची चालली आहे याचे भान सुटले, तर सुरुवातीची पन्नासेक पाने पुन्हा चाळावी लागतात.