आधी पुस्तक उघड

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथपालनाच्या पदवीला, नाव लागलंय, फी भरायची मुदत जवळ आलीये आणि घरचे म्हणतायत, डेटा सायन्सचं काहीतरी कर. इथवर समजू शकते. पण शेवटी तू ब्रह्मास्त्र काढल्यासारखं लिहिलंस, "ज्या कोलंबियाने हा कोर्स पहिल्यांदा काढला, त्यांनीच तो 1992 मध्ये बंद केला." कोलंबियाचं नाव काढलंच आहेस, तर सगळी हकीकत ऐक.

पुस्तकांना विषयवार आकडे देऊन कपाटात लावायची पद्धत काढणारा मेल्व्हिल ड्युई न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथपाल होता. 5 जानेवारी 1887 ला त्याने ग्रंथपालनाचा वर्ग सुरू केला. विद्यार्थी 20, त्यांतल्या 17 स्त्रिया. कॉलेज तेव्हा मुलींना घेत नव्हतं. विश्वस्तांनी वर्गाला जागा नाकारली, तर ड्युईने सामानाची एक अडगळीची खोली साफ करून घेतली आणि तिथे शिकवलं. (माणूस म्हणून त्याची आरती ओवाळायचं कारण नाही. स्त्रियांशी त्याचं वागणं आणि ज्यूंबद्दलचा द्वेष लक्षात घेऊन अमेरिकन ग्रंथालय संघटनेने 2019 मध्ये पदकावरून त्याचं नाव काढलं. बरं केलं.)

त्या खोलीत काय शिकवत? इतर गोष्टींबरोबर हस्ताक्षर. हसू नकोस. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरच्या तालिकापत्रावर, म्हणजे पुस्तकाची नोंद करायच्या कार्डावर, कुणीही लिहिलं तरी अक्षर एकाच वळणाचं, सुटं आणि गोल यायला हवं, म्हणजे ड्रॉवर ओढून उभा राहिलेला वाचक अडखळत नाही. हे कार्ड लिहायचं म्हणजे पुस्तक हातात घ्यायचं, मुखपृष्ठ सोडून आतलं शीर्षकपान बघायचं, अनुक्रमणिका चाळायची, पानं मोजायची. पुस्तक उघडल्याशिवाय त्याची नोंद होत नाही. तुला आयुष्यभर पुरेल असं माझ्याकडे एवढं एकच आहे.

विश्वस्तांचं आणि ड्युईचं फाटलं आणि 1889 मध्ये तो शाळा घेऊन आल्बनीला, राज्य ग्रंथालयात गेला. (बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकत होते, 1913 ते 1916, तेव्हा हा कोर्स तिथे नव्हताच. आणि त्याच बडोद्यात सयाजीरावांनी बोलावलेले अमेरिकन बॉर्डन यांनी 1911 मध्येच ग्रंथपालांचा वर्ग सुरू केला होता. ड्युईच्या परंपरेतले डिकिन्सन 1915 मध्ये लाहोरला पंजाब विद्यापीठात शिकवायला आले. आपल्याकडे ही विद्या अशी आली.)

मग 1923 मध्ये विल्यमसन यांचा अहवाल आला. पैसा कार्नेगी कॉर्पोरेशनचा. त्याचं म्हणणं, ग्रंथपालाचं काम वेगळं, कारकुनाचं वेगळं, आणि ग्रंथपालाचं शिक्षण विद्यापीठातच व्हायला हवं. 1926 मध्ये आल्बनीची शाळा आणि न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीची शाळा एक होऊन कोलंबियात आल्या, आणि प्रमुख झाले खुद्द विल्यमसन. विद्यापीठात हवं हे मला शंभर टक्के पटतं. पण त्या वाटणीतून पुढे एक भलताच समज रुजला, की पुस्तकाला हात लावणं हे खालचं काम. आपल्याकडे तर तो फारच लवकर रुजला.

आता तुझं 1992. शाळा बंद झाली, खरं आहे. 1990 मध्येच तसं ठरलं होतं. पण तिथून काय बाहेर पडून जगलं, ते शोधलंस का? दुर्मिळ ग्रंथांचं शिक्षण देणारी शाखा व्हर्जिनिया विद्यापीठात गेली आणि आजही चालते. ग्रंथसंवर्धनाचा अभ्यासक्रम टेक्सासला, ऑस्टिनला गेला आणि तिथे बरीच वर्षं चालला. दोन्हीकडे पुस्तक हातात घेतल्याशिवाय पहिला धडासुद्धा होत नसे. तू योगायोग म्हण, मी म्हणणार नाही.

तुझं पुढचं वाक्य मला ठाऊक आहे. पुस्तकावरचा आयएसबीएन क्रमांक टाकला की कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये आयती नोंद उतरते, मग उघडायचं कशाला? उतरते ना, इंग्रजी पुस्तकांची. धुळ्याच्या एखाद्या छोट्या प्रकाशकाने काढलेल्या, आयएसबीएन नसलेल्या पुस्तकाची उतरवून दाखव. आणि उतरलेली नोंद बरोबर आहे हे कशावरून ठरवशील? पुस्तक उघडूनच.

मी ज्या कॉलेजात नोकरी केली, तिथे शीर्षकात 'माती' दिसली म्हणून एक कथासंग्रह 630 मध्ये, शेतीच्या कपाटात, वर्षानुवर्षं बसला होता. मराठीचे विद्यार्थी मराठी साहित्याच्या, 891.46 च्या कपाटापुढे उभे राहून "नाही" म्हणून परत जात. दाखल नोंदवहीत पुस्तक होतं, ऑडिटला होतं, वाचकाला नव्हतं. मी तो बाहेर काढला, आणि त्याच्यासारखी बरीच. तेव्हापासून माझ्या टेबलावर नव्या पुस्तकांचा ढीग साचायला लागला. प्राचार्यांच्या खोलीतून निरोप यायचे, 'मॅडम वाचत बसतात, काम उरकत नाही.' वार्षिक अहवालात माझ्या नावापुढे 'संथ' लागलं. असू दे. मी वाचत बसत नव्हते. प्रस्तावना, अनुक्रमणिका, मधली दोन-चार पानं, एवढंच बघत होते. शेतीचा माणूस शेतीच्या कपाटाशी आणि कथेचा कथेच्या कपाटाशी पोचत होता, हे कुठल्या अहवालात येत नाही. पदोन्नती दुसऱ्याला मिळाली, त्याचं मला आजही वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. एम.लिब. करून विद्यापीठाच्या विभागात शिकवायला जायचं होतं, तेही राहिलं. पण ढीग मी उघडूनच संपवला.

डेटा सायन्स वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. तिथेही कुणीतरी न बघता लेबलं चिकटवत असेल आणि कुणीतरी उघडून बघत असेल. तू कुठल्या बाजूची आहेस, ते मी तुला वाचकांनी परत केलेली पुस्तकं कपाटात लावताना पाहिलंय. मग हे रडगाणं कशाला?

फी भर. घरच्यांशी मी बोलते. विभागात वर्गीकरणाचं प्रात्यक्षिक नुसत्या शीर्षकांच्या यादीवर घेतात, 'खालील शीर्षकांना वर्गांक द्या' असं. परीक्षेत लिहावं लागेल, लिही. पण संध्याकाळी ग्रंथालयात जाऊन त्यातली मिळतील ती पुस्तकं काढ आणि आपला वर्गांक ताडून बघ. ड्युईचे खंड विकत घेऊ नकोस, महाग आहेत. माझे घेऊन जा. 19वी आवृत्ती आहे, संगणक त्यात अजून 001.64 मध्ये कोंबलेला आहे, तेवढं नव्या आवृत्तीत 004 पासून बघून घे. रविवारी सकाळी ये, पिशवी मजबूत आण.

तुझी,
ग्रंथालयातली मॅडम