कळते, पण पाठ ऐकत नाही

“मॅडम, कसं बसायचं ते मला दुसऱ्याला शिकवता येईल इतकं ठाऊक आहे, तरी दहा मिनिटांनी बघावं तर मी पुन्हा पोक काढून बसलेली असते. माझ्यात निग्रहच नाही का?” लेखा विभागात काम करणाऱ्या, पंचेचाळिशीच्या आसपासच्या एका बाईंनी पहिल्याच भेटीत हे विचारले. मान आणि खांदे दुखण्याची त्यांची तक्रार जुनी होती. डॉक्टरांनी तपासून नस दबलेली नसल्याचे सांगितले होते आणि व्यायामही दिले होते. हे मी आधी विचारून घेते, कारण हाताला मुंग्या येणे, बोटे बधिर होणे किंवा पकड सैल पडणे असे काही असेल, तर प्रथम वैद्यकीय तपासणी हवी. सवयी बदलण्याचे माझे काम त्यानंतर.

निग्रहाचा प्रश्न त्यांच्याप्रमाणे अनेकजण विचारतात, आणि तो विचारण्याची पद्धतच मला चुकीची वाटते. पुढे वाकल्याबरोबर पडद्यावरचे बारीक आकडे स्पष्ट दिसतात, म्हणजे वाकण्याचा लाभ त्याच क्षणी मिळतो. दुखणे मात्र संध्याकाळी सुरू होते, आणि तोपर्यंत त्याचा त्या वाकण्याशी असलेला संबंध शरीराच्या लेखी तुटलेला असतो. ज्या कृतीचे फळ तत्काळ मिळते ती टिकते, हा वर्तनाचा साधा नियम आहे. त्यातून आपण वाकतो ते ठरवून नव्हे, नकळत. जे घडताना लक्षातच येत नाही, त्याला निग्रह आवर तरी कसा घालणार?

बाईंनी दर अर्ध्या तासाचा गजर लावून पाहिला होता. तिसऱ्या दिवसापासून बोट आपोआप गजर बंद करू लागले आणि मान होती तिथेच राहिली. म्हणून आम्ही ‘नीट बसणे’ हे शब्दच बाजूला ठेवले, कारण ते मोजता येत नाहीत. त्यांच्याऐवजी हो किंवा नाही असे उत्तर देता येतील असे चार प्रश्न ठरवले: पाठ खुर्चीला टेकलेली आहे का, कान खांद्यांच्या रेषेत आहेत का, कोपरे अंगालगत आणि साधारण काटकोनात आहेत का, तळपाय पूर्ण टेकलेले आहेत का. पहिला आठवडा काहीही सुधारायचे नाही, दिवसातून चार वेळा, वेळ बदलून, केवळ नोंद करायची आणि त्या क्षणी हातात कोणते काम होते ते शेजारी लिहायचे, असे सांगितल्यावर त्या थोड्या नाराज झाल्या. उपाय मागायला आलेल्या माणसाच्या हाती वही दिली की असे होतेच.

वहीने मात्र बरेच काही उघड केले. चारही उत्तरे ‘हो’ अशी वेळ वीस नोंदींत चारदाच आली होती, पण चुका दिवसभर विखुरलेल्या नव्हत्या. फोन खांदा आणि कान यांच्यात दाबून टंकलेखन करताना, आणि मोठ्या तक्त्यांवर काम करताना त्या एकवटल्या होत्या. तक्त्यांच्या वेळी मान पुढे तर जायचीच, शिवाय हनुवटी वर उचललेली असायची. याचे कारण त्यांच्या चष्म्यात निघाले. जवळचे वाचण्याचा भाग भिंगाच्या खालच्या बाजूला होता, आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीत हवी, हा सर्वसाधारण नियम पाळून त्यांनी पडदा उंच केला होता. नियम चांगला आहे, पण अशा चष्म्याला पडदा त्याहून थोडा खाली लागतो. पडदा उतरवला, हातभर अंतरावर आणला, अक्षरे मोठी केली आणि फोनसाठी हेडसेट घेतला. इतक्यानेच वाकण्याची निम्मी गरज उरली नाही. माणसाला बदलण्याआधी टेबल बदलावे, असे माझे मत अशा अनुभवांतूनच झाले आहे.

उरलेल्या भागासाठी मी त्यांना थोडे विचित्र वाटणारे काम दिले: शेजारच्या सहकारी बाईंची संमती घेऊन, त्याच चार प्रश्नांनुसार त्यांच्या बसण्याची नोंद ठेवायची. अल्व्हेरो आणि ऑस्टिन या संशोधकांच्या २००४ मधील एका लहानशा प्रयोगात, दुसऱ्याच्या कामाची सुरक्षितता तपासणाऱ्यांची स्वतःची पद्धतही सुधारलेली आढळली होती. इथेही तसेच घडले. “त्यांचे खांदे वर गेलेले दिसले, की माझे आपोआप खाली येतात,” असे त्या हसत म्हणाल्या. पुढे दोघी एकमेकींच्या नोंदी ठेवू लागल्या आणि दिवसअखेर आकडा सांगू लागल्या. बोलणे फक्त आकड्याचे, टोमणा नाही, ही अट मी घातली होती. उद्दिष्टही आठवड्याच्या वीस नोंदींपैकी वीस असे न ठेवता आधी आठ, मग बारा असे ठेवले.

शरीर वाकताच आवाज करणारी उपकरणे मिळतात, त्यांच्याविषयीही त्यांनी विचारले. ही कल्पना जुनी आहे. मानसशास्त्रज्ञ नेथन ॲझ्रिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्येच असे अंगावर बाळगण्याचे उपकरण वापरून पाहिले होते आणि त्याने वाकणे कमीही झाले होते. ते घेण्यात गैर काही नाही, पण वाकायला लावणारे कारण समोर तसेच असताना केवळ आवाजाशी झगडत राहणे मला पटत नाही. त्याऐवजी फाइल जतन केली की पाठ टेकवायची आणि एक काम संपले की उभे राहायचे, अशी हातातल्या कामाशीच सांगड घातली. ताठ बसणेही तासन्‌तास चालले तर थकवतेच.

आठव्या आठवड्यात आकडा चौदावर होता, आणि नेमका महिनाअखेरीस तो सातवर घसरला. “म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?” त्यांनी विचारले. आम्ही वही उघडली. महिनाअखेरीच्या त्या दिवसांत कागदी बिले टेबलावर सपाट ठेवून त्या नोंदवत होत्या, आणि प्रत्येक बिलासाठी मान खाली जात होती. पुढच्या महिनाअखेरीच्या आधी पडद्याशेजारी कागद उभा ठेवण्याचा स्टँड आला.